तूबा खानूमची झील

तूबा खानूम मला पहिल्यांदा भेटली ती तळघरातल्या लाँड्री रूममध्ये. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये प्रत्येक इमारतीखाली अशी एक खोली होती. ओलसर, साबणाच्या वासाची, आणि ड्रायर फिरायला लागले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही इतका खडखडाट. चौऱ्याऐंशीचा हिवाळा होता. कपड्यांची बास्केट कमरेवर घेऊन मी जिना उतरले तर आत कुणीतरी रडतंय. निदान मला तरी तसंच वाटलं. बघते तर साठीची एक उंच, गोरी बाई ड्रायरला पाठ टेकून, डोळे मिटून उभी, आणि गातेय! तेवढ्यात मशीन थांबलं. मशीनबरोबर बाईपण थांबली.

"थांबलात का? गा की," मी म्हटलं.

"माझा मुलगा म्हणतो, भिंती पातळ आहेत," असं म्हणून ती टॉवेलांच्या घड्या करायला लागली.

माझं डोकंच फिरलं. भिंती पातळ आहेत म्हणून एवढ्या मोठ्या बाईनं तळघरात, मशीनच्या आवाजाआड गायचं? मी माझे कपडे तिच्या रिकाम्या ड्रायरमध्ये कोंबले, तो चालू केला आणि म्हटलं, "आता गा." तिनं मान हलवली. मग मीपण सोडून दिलं. आपलं सरळ असतं, कुणी नाही म्हटलं की विषय संपला.

ती इराणची; खानूम म्हणजे तिकडे 'बाई'. मी कांता, नागपूरची, इंदोऱ्याची. ती तिच्या मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायची, मी माझ्या. इथे सगळं मराठीतच सांगते, नाहीतर आमच्या इंग्लिशपायी तुमचे हाल होतील. वयानं ती माझ्या आईएवढी. तिच्याशी बोलताना मी 'तुम्ही'च म्हटलं असतं, पण मनात ती पहिल्या दिवसापासून 'ती'च झाली.

तिचा मुलगा बहमन टेलिफोन कंपनीत इंजिनियर. स्वभावानं वाईट नव्हता, पण भेदरलेला. तेहरानच्या वकिलातीत अमेरिकन माणसं ओलीस होती, त्या वर्षी कुणीतरी त्याच्या गाडीची काच फोडली आणि बॉनेटवर स्प्रेनं घाणघाण लिहून ठेवलं. तेव्हापासून कुणी विचारलं तर तो 'इराण' म्हणायचाच नाही, 'पर्शिया' म्हणायचा. लोकांना वाटायचं, गुबगुबीत मांजरांचा देश. आणि आईला सांगायचा, गाऊ नको, शेजारी विचारतील कुठली भाषा. म्हणजे बघा, तिकडे क्रांती झाली, बायकांनी पुरुषांसमोर एकटीनं गायचं नाही असं ठरलं, म्हणून ही देश सोडून इकडे आली. इकडे पोराचं फर्मान!

तिची कहाणी मला तुकड्यातुकड्यानं कळली, कधी कपडे वाळेपर्यंत, कधी भाजी निवडताना. लहानपण काशान गावात. आई लवकर गेली, आत्यानं वाढवलं. ही आत्या बायकांच्या बैठकीत गायची. लग्नाच्या घरी, दुखवट्याच्या घरी, पण फक्त बायकांत. परक्या पुरुषाच्या कानावर तिचा सूर कधी पडला नाही. तिनं तूबाला तोंडातोंडी शिकवलं, चुकलं की मांडीला चिमटा. सोळाव्या वर्षी लग्न. नवरा पोस्टात. त्यानं तेहरानला रेडिओवर गायची परवानगी दिली, पण खोट्या नावानं, कारण आडनावाला बट्टा लागायला नको. वर्षानुवर्षं ही दुसऱ्याच नावानं गायली. बाजारात बायका तिच्या गाण्याबद्दल बोलायच्या आणि ही शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडायची. मी असते तर ओरडून सांगितलं असतं, ती मीच! ती म्हणाली, "छे गं, नाव दुसऱ्याचं होतं, गाणं तर माझंच होतं ना." मग नवरा गेला, मग क्रांती झाली. रेडिओवरच्या तिच्या टेपा पुसल्या असं कुणी म्हणे, कुणी म्हणे कपाटात आहेत. तिला खरं कधीच कळलं नाही. घरातली रिळं तिनं निघताना शेजारणीकडे ठेवली, तर त्या बिचारीनं भीतीपोटी ती विहिरीत टाकली.

आमची मैत्री जमली ती भातावरून. त्यांच्याकडे भाताच्या बुडाला तुपात मुद्दाम खरपूड धरवतात. आपण ती घासून टाकतो, तिथे तो पाहुण्याचा मान. तिनं पुढे केली, मी नको म्हटलं. तिनं पुन्हा पुढे केली, मी पुन्हा नको. तिसऱ्यांदा तिनं विचारलं आणि ताटातच घातली. पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. मी विचारलं, "जेवता का?" ती म्हणाली, "नको, पोट भरलंय." मी भांड्यावर झाकण ठेवलं आणि चहा टाकला. महिन्याभरानं हसत हसत म्हणते, "कांता-जान, त्या दिवशी मी उपाशी घरी गेले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं समजावून सांगितलं. त्यांच्यात पहिलं 'नाही' ही नुसती रीत. दुसरं 'नाही' समोरच्याला खरंच हवंय का ते बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस मनातलं बोलतो. आणि गाण्याच्या बाबतीत तर हे फारच कडक. गाणाऱ्यानं आपणहून तोंड उघडायचं नाही. लोकांनी विचारायचं, त्यानं म्हणायचं माझा गळा तो काय, लोकांनी पुन्हा विचारायचं. आत्यानं शिकवलेला हा पहिला धडा, सुराच्याही आधीचा.

आमच्या घरात असलं काही नव्हतं. आग्रह करायला इंदोऱ्यात उरत काय होतं? विचारलं की हो म्हणायचं आणि ताट ओढायचं, नाहीतर धाकटा भाऊ ओढायचा. आणि गाण्याचं म्हणाल तर माझे बाबा आंबेडकरी जलशात झीलकरी होते. शाहीर ओळ म्हणायचा, आणि मागे उभे राहून बाबा त्या ओळीचं शेपूट पकडून उंच सुरात उचलून धरायचे. तीच झील. बाबांचा घसा बसला की मला पुढे ढकलायचे. आमच्याकडे गाणाऱ्याला विनवावं लागत नसे, 'आता पुरे' म्हणावं लागे. हे ऐकून ती खूप हसली.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये तिला गिळताना कानात कळ यायला लागली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण दुखणं घशात आणि कळ कानात हे मला काही बरं वाटेना. बहमनला म्हटलं, आजच्या आज दाखव. दाखवलं. बायॉप्सी झाली. कॅन्सर निघाला, स्वरयंत्राच्या वरच्या अंगाला. सर्जननं सरळ सांगितलं की स्वरयंत्र पूर्ण काढायचं, गळ्याला पुढे एक भोक ठेवायचं, श्वास तिथून. जीव वाचू शकेल. आवाज जाईल. ऑपरेशन जूनच्या शेवटी ठरलं. बहमन तिथेच रडायला लागला. ती रडली नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे आत्याचं सेगाह गेलं."

सेगाह म्हणजे त्यांचा एक राग म्हणा. गातात पुष्कळ लोक, पण आत्याची त्यात वर चढायची वाट वेगळी होती. ती वाट फक्त बायकांच्या खोलीत गायली गेली, म्हणून कुठल्या उस्तादाला ठाऊक नाही, कुठल्या पुस्तकात नाही. रेडिओला छोटी, गोड गाणी हवी असायची. ठेक्याशिवायचं, लांबलचक, जीव कासावीस करणारं हे सेगाह त्यांनी तिच्याकडे कधी मागितलंच नाही. म्हणजे सगळ्या जगात ते एकाच गळ्यात होतं, आणि तो गळा आता कापायचा होता.

"मग त्यात काय एवढं! आज टेप करू," मी म्हटलं. घरी टू-इन-वन होता, कॅसेटी होत्या.

"जबाब कोण देणार?" ती म्हणाली.

त्यांची पद्धत अशी की गाणारी एक ओळ गाते आणि थांबते. मग शेजारी बसलेला तारवाला त्या ओळीला जबाब देतो. तार म्हणजे आपल्या सतारीच्या नात्यातलं वाद्य, पण बसकं. तो जबाब आला की गाणारीला पुढची पायरी दिसते. जबाब नसेल तर ती तिथेच उभी राहते. आमचे हे, राजाराम, मोठ्या हौसेनं हार्मोनियम घेऊन गेले. तिनं एक सूर लावला. यांनी पांढरी दाबली, ती खाली पडली. काळी दाबली, ती वर गेली. "माझा सूर तुमच्या दोन पट्ट्यांच्या फटीत आहे," ती म्हणाली. यांनी पेटी मिटली आणि मुकाट्यानं उचलून घरी आणली.

मी स्वस्थ बसणारी नाही. जवळच्या युनिव्हर्सिटीत फोन लावत सुटले. तिथे संगीताचे एक प्रोफेसर निघाले, हाल्स्टेड नावाचे, अस्सल अमेरिकन, पण कॅलिफोर्नियात एका इराणी उस्तादाकडे तार शिकलेले. यायला आनंदानं तयार झाले. तूबा खानूमनं मला एकच अट घातली. "त्याला माझ्या दुखण्याचं बोलायचं नाही. माझी दया येऊन कुणी मला गा म्हणायला नको. त्याला गाणं हवं असेल तर त्यानं गाणं मागावं." मी शपथाबिपथा मानत नाही, पण शब्द दिला.

मे महिन्यातला रविवार. तिनं निळा ड्रेस घातला, कानात मोती घातले, पिस्ते आणि चहा मांडला. प्रोफेसर खाली गालिच्यावर बसले. माणूस नम्र, बोलणं हळू. तार काढून थोडं वाजवलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मांडीवर एक बोट हलत होतं. मी राजारामला कोपरानं ढोसलं, म्हटलं, जमलं!

प्रोफेसर म्हणाले, "खानूम, तुमचं सेगाह मला रेकॉर्ड करू द्याल का?"

तिनं छातीवर हात ठेवला, नजर खाली केली. "माझा कसला आता गळा. मी सगळं विसरले. तुमच्यासारख्या जाणत्या माणसापुढे मी काय गाणार?"

मी मनात म्हटलं, आता विचार, बाबा, दुसऱ्यांदा विचार. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "मी समजू शकतो. तुमच्या इच्छेचा मला आदर आहे." आणि तार खोळीत घालायला लागले!

तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. ती हसत दारापर्यंत गेली, पिस्त्यांची पुडी त्यांच्या हातात दिली, वाकून निरोप दिला. मी चपला न घालता त्यांच्यामागे पार्किंग लॉटमध्ये पळाले.

"अहो, परत चला! पुन्हा विचारा. त्यांच्यात तीनदा विचारतात."

"ही पद्धत मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण तुम्हीच सांगितलंत ना, या बाईंवर आयुष्यभर सगळ्यांनी जबरदस्ती केलीय. नवऱ्यानं, रेडिओनं, सरकारनं. त्या नाही म्हणतात तर मी कोण त्यांना भरीस घालणारा?"

"ही जबरदस्ती नाही हो, हा आग्रह आहे. आमच्यातपण लोक करतात!"

"सप्टेंबरमध्ये सेमिस्टर सुरू झालं की येईन. तेव्हा त्यांना वाटलं तर बघू."

सप्टेंबर! माझ्या जिभेवर आलं होतं की सप्टेंबरमध्ये तिला गळा नसेल. पण शब्द दिला होता. दात आवळून उभी राहिले. ते गाडी काढून गेले. आणि माणूस वाईट नव्हता हो, तेच तर वाईट. वाईट असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

वर आले तर ती कप धुवत होती. "फोन करेल," म्हणाली. दुसऱ्या दिवशी फोनजवळ बसली. तिसऱ्या दिवशीपण. मी म्हटलं, "उचला ना तो फोन आणि सांगा हो म्हणून! दोन शब्दांचं काम." तर म्हणते, "कांता, तिकडच्या लोकांनी मला गप्प बस म्हटलं, मी बसले. आता कुणाला तरी माझं ऐक म्हणून हात पसरू? आत्यानं मला हे शिकवलं नाही." मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, आत्या मेली, तुम्ही जाल, गाणं जाईल, आणि मान तेवढा राहील कपाटात घडी करून!  मला रडू फुटलं. तिनंच मला पाणी आणून दिलं.

शेवटी मी शब्द मोडला. मोडला तर मोडला. जूनच्या सुरुवातीला त्यांच्या डिपार्टमेंटला फोन करून दुखण्याचं सगळं सांगून टाकलं. सेक्रेटरी म्हणाली, प्रोफेसर उन्हाळाभर बनारसला गेलेत, निरोप कळवते पण पोचायची खात्री नाही. ऐका! मी इथे न्यू जर्सीत कपाळ बडवतेय आणि हा गृहस्थ माझ्या देशात गाणी गोळा करत फिरतोय.

मग मला बाबांची झील आठवली. पेटीला पट्ट्या असतात, गळ्याला कुठे असतात? मी तिला म्हटलं, "मी देते जबाब. तुम्ही ओळ गा, मी तिचं शेपूट धरते." तिनं नाही म्हटलं. मी पुन्हा विचारलं. नाही. मी लगेच तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणते, "एका दमात तीनदा विचारलं तर ते एकदाच धरतात." म्हणून मी घरी गेले, पोळ्या केल्या, परत येऊन विचारलं. तेव्हा हो म्हणाली.

माझी सकाळची पाळी. दुपारी आले की आमची शिकवणी. सुरुवातीला ती ओळ गायची, ओळ लांब, वर चढत जाणारी, कापरी, आणि मध्येच अशी थांबायची की माझा श्वास अडकायचा. मग माझी पाळी. मी इंदोऱ्याच्या मैदानातल्यासारखी ठणठणीत झील लावायची आणि ती कान झाकून घ्यायची. "माणसं जागी नाही करायची, कांता. मी जे बोलले ते ऐकलंस, एवढंच सांगायचं." फटीतला तो सूर सापडायला मला बरेच दिवस लागले. सापडला तेव्हा अंगावर काटा आला. माझी दीपा शाळेतून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॉम, आर यू ओके?" तिला वाटलं आम्ही दोघी रडतोय. मीपण पहिल्यांदा असंच समजले होते ना.

रोज मी कॅसेट घेऊन जायची आणि रोज ती म्हणायची, आज नको, जबाब अजून कच्चा आहे. मी म्हणायची, कच्चा तर कच्चा, टेप करू, पुन्हा करता येईल. ती ऐकायची नाही. त्यांच्यात कच्चं सोडत नाहीत. तिचा आवाज थकत चालला होता, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, नुसतं पातळ सूप चालायचं. तरी गाताना ती सरळ बसायची. एका शुक्रवारी मी सगळे जबाब न चुकता दिले. तिनं माझा गालगुच्चा घेतला. "उद्या मशीन आण."

शनिवारी मी दोन नव्या कॅसेटी घेऊन गेले. ती तयार होती. तोच निळा ड्रेस, तेच मोती, केसांना पिना. खुर्चीऐवजी गालिच्यावर बसली होती. मी मशीन लावत असताना मला शिट्टीसारखा आवाज आला. वाटलं किटली. वळून बघते तर तो तिचा श्वास. दोन्ही हात गालिच्यावर टेकून ती हवा ओढत होती आणि हवा आत जात नव्हती. ओठ निळे पडत होते. मी नाइन-वन-वनला फोन केला, बहमनला हाक मारली, तिला धरून बसले. तिनं माझा दंड पकडला आणि मशीनकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "अहो, आधी श्वास घ्या, बाई!" तिनं तोंड उघडलं. आलं काहीच नाही, शिट्टी तेवढी आली.

गाठ सुजून नळी बंद झाली होती. इमर्जन्सीत तिच्या गळ्याला भोक पाडलं. चार दिवसांनी सर्जननं ऑपरेशन करूनच टाकलं. मी घरी येऊन त्या दोन कॅसेटींचं वेष्टण न काढता त्या कपाटात ठेवून दिल्या. राजाराम म्हणाले, "जीव तर वाचला, कांता." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

ती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जगली. पण मला सांगायचंय ते सप्टेंबरचं.

प्रोफेसरांना माझा निरोप परत आल्यावर मिळाला. धावत आले, तार घेऊन, फुलं घेऊन. तिच्या गळ्याशी पातळ रुमाल बांधलेला, श्वास घेतला की रुमाल आत जायचा, सोडला की फुगायचा. त्यांनी ते बघितलं आणि गालिच्यावर बसून लहान मुलासारखे रडायला लागले. बहमन स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात धरून उभा. तिनं चहा आणला. मुलांची असते ती पाटी, वरचा कागद उचलला की पुसणारी, तिच्यावर फारसीत काहीतरी लिहिलं आणि प्रोफेसरांपुढे धरलं. त्यांनी वाचून मला सांगितलं, "म्हणतात, कांताला सेगाह येतं."

"मला कुठे येतं? मला नुसते जबाब येतात!"

तिनं मला हाताला धरून स्वतःच्या जागी बसवलं. प्रोफेसरांना माझ्या बाजूला. जबाब देणारे आम्ही दोघं झालो, आणि विचारणारी समोर मुकी. प्रोफेसरांनी मशीन चालू केलं. मला ती पहिली ओळ कानात लख्ख ऐकू येत होती, रोज ऐकलेली. मी गायले. तिनं मान हलवली, नाही. मी पुन्हा गायले. नाही. तिसऱ्यांदा मी जीव ओतला, घाम फुटला मला. तिनं माझ्या तोंडावर अलगद हात ठेवला. मग तोच हात वर नेला, सावकाश, ओळ जेवढी लांब होती तेवढा वेळ, वर, अजून वर, आणि थांबवला. माझ्याकडे बघितलं. मी जबाब दिला. तिनं मान डोलावली.

असं आम्ही सबंध सेगाह केलं. तिचा हात, खोलीत काही नाही, नुसती रुमालातून येणारी हवा, मग माझा जबाब. पुन्हा हात, पुन्हा हवा, पुन्हा जबाब. प्रोफेसरांची बोटं तारांवर ठेवलेली, वाजवलं त्यांनी काहीच नाही. शेवटची झील माझी मला कशीबशी संपवता आली. मशीन बंद केलं तेव्हा बहमन आत निघून गेला होता. आतून त्याच्या रडण्याचा आवाज येत होता.

प्रोफेसरांनी टेप मागे नेली आणि लावली. त्यात मी होते. मी, आणि माझ्या जबाबांच्या मध्ये मोठाल्या मोकळ्या जागा, त्यात घसटल्यासारखा एक आवाज. हळूच म्हणाले, "या जागा मी कापून टाकू का? नाहीतर ऐकणाऱ्याला काही कळणार नाही."

"एकपण कापायची नाही," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की ते दचकले.

ती सगळं ऐकून घेत होती. टेप संपली. प्रोफेसर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "खानूम, मी पुन्हा येऊ? तुम्ही हातानं दाखवा, ओळी मी तारेवर शोधतो. आपण एकेक करून सगळ्या शोधू."

तिनं छातीवर हात ठेवला नाही. नजर खाली केली नाही. त्यांच्याकडे सरळ बघत मान हलवली. नाही.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिनं मान हलवली.

त्यांचा आवाज फाटला होता. तरी नीट शब्द जुळवून, जसं मेमध्ये विचारायला हवं होतं तसं, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तिनं पाटी उचलली, तिच्यावर काही लिहिलं नाही, कोरीच त्यांच्या बाजूला ठेवली, आणि नाही म्हणून मान हलवली.

ते चौथ्यांदा विचारायला लागले. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि बाहेर गाडीपर्यंत नेऊन सोडलं.